आधी ताट, मग जिवाणू

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सोयाबीन बाजारात गेलं होतं, रानात तूर फुलावर होती. सेनगावच्या शाळेत जिला मी कधीकाळी विज्ञान शिकवलं ती मुलगी आता दोन लेकरांची आई. धाकट्याला कडेवर घेऊन ती संध्याकाळची दारात उभी राहिली. पोरगा पाच वर्षांचा. घरात येताच त्याने वर पंख्याकडे पाहिलं, पंखा बंद आहे हे त्याला दिसलं, आणि मग स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरून तो ती गोल गोल फिरवत राहिला. माझ्याकडे, माझ्या हाकेकडे त्याचं लक्ष नव्हतं. आईने पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत वीसेक पानांचा रंगीत रिपोर्ट, गोल तक्ते, लाल-हिरवे पट्टे, जिवाणूंची लांबलचक नावं.

"बाई, पोराच्या संडासची तपासणी केली. प्रीव्होटेला नावाचं काहीतरी कमी आहे म्हणाले. सहा महिने पावडर द्या, पोट सुधारलं की लेकरू बोलायला लागंल म्हणाले. खरं असतं का हो असं?"

तपासणी एका मोठ्या शहरातून करून आणली होती. तीन क्विंटल सोयाबीनचे पैसे त्यात गेले होते, आणि पावडरीचे वेगळे. मी तिला त्या संध्याकाळी धड उत्तर देऊ शकले नाही. पुढचे काही महिने मिळेल ते वाचत गेले. तिला नंतर तुकड्या-तुकड्याने जे सांगितलं ते इथे सलग लिहिते आहे, कारण तसलं फोल्डर घेऊन फिरणारी ती एकटी आई नाही.

त्या पोराचं निदान ऑटिझमचं झालं आहे. मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. हा शब्द मला पूर्ण पटत नाही. मग्न होणं आपखुशीचं असतं. या मुलांना आवाज, उजेड, स्पर्श, माणसांचे चेहरे हे सगळं वेगळ्याच पद्धतीने पोचतं, आणि त्या पुरातून ती आपापली वाट काढत असतात. पण शब्द रुळला आहे, तोच वापरू. मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा, तोही वेगळ्या आजाराच्या संदर्भात. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि आजच्या अर्थाने ऑटिझम ओळखला जाऊ लागला. त्या पहिल्याच निबंधात खाण्याच्या तक्रारी आहेत. कोणी जेवत नव्हतं, कोणी तान्हेपणी सारखं उलट्या करत होतं, एकीला वर्षभर नळीने भरवावं लागलं होतं. म्हणजे पोट या कथेत पहिल्या दिवसापासून आहे. ते कारण म्हणून आहे की परिणाम म्हणून, यावर पाऊणशे वर्षांहून जास्त काळ वाद चालला आहे.

आधी पोटातल्या वस्तीबद्दल. आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात असा २०१६ चा अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास. एवढे असंख्य असूनही त्या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून पावशेराच्याही आत भरतं. बहुतेक वस्ती मोठ्या आतड्यात असते. आपल्याला न पचणारा भाकरीचा, डाळीचा, भाजीचा चोथा हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरेट नावाचं आम्ल हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न. घरात विरजण लावणाऱ्या बाईला यातलं मर्म वेगळं शिकवावं लागत नाही. दूध कोमट हवं, फार गरम असेल तर विरजण मरतं, गार असेल तर लागत नाही. म्हणजे नुसते जिवाणू घालून भागत नाही, ते ज्या भांड्यात पडतात ते भांडं आणि त्यातलं दूध ठरवतं की दही होणार की नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता पोटाचा मेंदूशी संबंध. तो खरा आहे, त्यात शंका नाही. व्हेगस नावाचा लांब मज्जातंतू मेंदूपासून निघून छातीतून पोटात उतरतो, आणि त्याच्या तारांमधून निरोप जास्त करून खालून वर जातात. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. सेरोटोनिनचं नाव मनःस्थितीशी जोडलं गेल्यामुळे जाहिरातदार हा आकडा फार वापरतात, पण पुढची गोष्ट सांगत नाहीत. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मध्ये पक्की भिंत आहे. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतः बनवतो. ऑटिझम असलेल्या अनेकांच्या रक्तात सेरोटोनिन जास्त आढळतं हे १९६१ पासून माहीत आहे, पण त्याचा अर्थ अजून कोणालाही नीट लावता आलेला नाही.

जिवाणूंवर पहिलं बोट एका आईने ठेवलं. अमेरिकेतल्या एलेन बोल्टे यांच्या मुलाला कानाच्या दुखण्यासाठी पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक्स दिली गेली. त्यानंतर जुलाब सुरू झाले आणि मूल मिटत गेलं. बोल्टे या वैद्यकीय क्षेत्रातल्या नव्हत्या. त्यांनी ग्रंथालयात बसून वाचलं आणि १९९८ मध्ये एक तर्क प्रसिद्ध केला: औषधांनी चांगले जिवाणू मेले, त्या रिकाम्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजले, त्यांचं विष मेंदूपर्यंत पोचलं. शिकागोतले डॉ. रिचर्ड सँडलर यांनी हा तर्क गांभीर्याने घेतला. असाच इतिहास असलेल्या ११ मुलांना त्यांनी व्हँकोमायसिन हे औषध तोंडाने दिलं. हे औषध आतड्यातच राहतं, रक्तात जवळजवळ जात नाही. मुलांच्या व्हिडिओ फिती आधीची कोणती, नंतरची कोणती हे न सांगता तज्ज्ञांना दाखवल्या. अशा तपासलेल्या १० पैकी ८ मुलांत सुधारणा दिसली. हे २००० साल. पण औषध थांबल्यावर सुधारणाही ओसरली, आणि असं औषध कायम देणं शक्य नव्हतं. तुलनेला औषध न दिलेली मुलंही त्यात नव्हती. तरी ही ठिणगी होती, आणि पुढचं सगळं संशोधन तिच्यावरच पेटलं.

त्याच १९९८ साली आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन्ही पोटाच्याच होत्या. पहिली कुप्रसिद्ध आहे. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी लंडनहून १२ मुलांचा निबंध प्रसिद्ध केला आणि गोवराच्या लसीने आतड्याला सूज येते, त्यातून ऑटिझम होतो असं सुचवलं. त्यात माहिती फिरवली गेली होती. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला, वेकफिल्ड यांची डॉक्टरकीची नोंदणी रद्द झाली. तोवर किती मुलं लसीविना राहिली आणि गोवराने पछाडली गेली याची मोजदाद करवत नाही. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, पण माझ्या विद्यार्थिनीला मी तीच सगळ्यात सावकाश सांगितली.

पोटाच्या तपासणीसाठी तीन मुलांना सिक्रेटिन नावाचं संप्रेरक टोचलं गेलं. तपासणीनंतर तिघंही जास्त बोलू लागली, डोळ्यांना डोळे देऊ लागली, असं डॉक्टरांनी लिहिलं. बातमी फुटली. अमेरिकेतल्या हजारो पालकांनी सिक्रेटिन मिळवलं. मग १९९९ मध्ये अ‍ॅड्रियन सँडलर यांनी (हे दुसरे सँडलर) सुमारे ६० मुलांवर रीतसर चाचणी केली. निम्म्या मुलांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी; कोणाला काय टोचलं हे ना पालकांना माहीत, ना तपासणाऱ्याला. पुढच्या आठवड्यांत सिक्रेटिन मिळालेली मुलं सुधारली. आणि मिठाचं पाणी मिळालेली मुलंही तेवढीच सुधारली.

इथे कोणी खोटं बोलत नव्हतं. पाच वर्षांचं मूल वाढतच असतं. चार महिन्यांत त्याला दोन शब्द जास्त येणारच. आईवडिलांनी आशेने पाहायला सुरुवात केली की आधी निसटणारी गोष्ट दिसायला लागते. घरातला ताण उतरला की मूलही सैल होतं. म्हणून ऑटिझमवरच्या कोणत्याही उपायाचा दावा पुढे आला की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: मिठाच्या पाण्याचा गट होता का?

प्रयोगशाळेतले उंदीर मात्र मोठा पुरावा घेऊन आल्यासारखे वाटले. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत इलेन श्याओ आणि सार्किस मझमानियन यांनी गाभण उंदरीणीच्या प्रतिकारशक्तीला चेतवलं. तिची पिल्लं ऑटिझमसदृश वागणारी निघाली. त्यांना बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा जिवाणू दिल्यावर काही वागणं बदललं. आता 'ऑटिझमसदृश' म्हणजे काय? पिंजऱ्यातल्या भुशावर काचेच्या गोट्या मांडतात आणि ठरावीक वेळात उंदराने किती गोट्या पुरल्या ते मोजतात. जास्त पुरल्या तर तेच ते करत राहण्याची खोड, असं धरतात. हे काम कसून केलेलं आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण गोट्या पुरणारा उंदीर आणि पंख्याकडे पाहून बोटं फिरवणारं लेकरू यांच्यामध्ये फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर वर्तमानपत्राच्या मथळ्यात नाहीसं होतं.

अ‍ॅरिझोना राज्यविद्यापीठात रोझा क्रायमाल्निक-ब्राउन यांनी २० ऑटिझम असलेल्या आणि २० इतर मुलांच्या शौचाची तुलना केली. हेही २०१३ चंच. पहिल्या गटात जिवाणूंची विविधता कमी, आणि प्रीव्होटेला कमी. फोल्डरमधलं ते नाव इथून आलं. पुढे त्यांनी आणि जेम्स अ‍ॅडम्स यांनी १८ मुलांवर एक धाडसी प्रयोग केला. आधी अँटिबायोटिक, मग पोट धुणं, मग निरोगी माणसांच्या शौचातून वेगळे काढलेले जिवाणू काही आठवडे देणं. विरजण बदलण्याचाच प्रकार. २०१७ मध्ये त्यांनी लिहिलं की बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी यांत मोठा उतार पडला आणि वागण्यातही सुधारणा झाली. २०१९ मध्ये, दोन वर्षांनंतरही ती टिकून असल्याचं लिहिलं. जगभर बातम्या झाल्या. पण मुलाला काय दिलं जातं आहे हे प्रत्येक घराला माहीत होतं. मिठाच्या पाण्याचा गट नव्हता.

मग २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका निबंधाने माझ्या मते सगळा डाव उलटा करून दाखवला. क्लोई यॅप, जेकब ग्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४७ मुलांचे नमुने घेतले. ९९ ऑटिझम असलेली, ५१ त्यांची सख्खी भावंडं, बाकीची बाहेरची. शेकडो प्रजाती तपासल्यावर ऑटिझमशी ठामपणे जोडलेली प्रजाती निघाली फक्त एक. पण मुलं काय खातात याची नोंद त्यांनी ठेवली होती, आणि तिथे चित्र लख्ख झालं. स्वमग्न मुलं मोजकेच पदार्थ खातात. मोजके पदार्थ खाल्ले की पोटातल्या वस्तीची विविधता घटते. विविधता घटली की शौचाचं गणित बिघडतं. म्हणजे बाण आतड्याकडून मेंदूकडे येत नव्हता. वागण्याकडून ताटाकडे, ताटाकडून आतड्याकडे जात होता.

हे वाचलं तेव्हा मला त्या पोराचं ताट आठवलं. दूधभात, साखर आणि पारले-जी. भात पांढराच हवा. त्यावर वरणाचा एक पिवळा थेंब पडला तरी ताट सरकवलं जातं. बिस्किट अखंड हवं. तुकडा पडलेलं बिस्किट तो हातात घेतो, दोन्ही तुकडे जुळवून पाहतो, ते जुळत नाहीत म्हणून रडतो. भाकरी दुधात कुस्करून दिली तर तोंडातून बाहेर. वांगं, शेपू, अंबाडी तर लांबच. यात हट्ट नाही. मऊ, ओला, गिजगिजीत घास त्याच्या जिभेला आपल्यापेक्षा कितीतरी पटीने बोचतो. खाण्याच्या अडचणी स्वमग्न मुलांत इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळतात, आणि पोटाच्या तक्रारी सुमारे चौपट.

प्रीव्होटेलाबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाने नक्की ऐकावी. २०१० मध्ये इटलीच्या संशोधकांनी फ्लॉरेन्समधल्या मुलांची तुलना आफ्रिकेत बुर्किना फासो देशातल्या बुलपोन नावाच्या खेड्यातल्या मुलांशी केली. त्या खेड्यातलं जेवण ज्वारी, बाजरी आणि चवळी. आपलंच जेवण म्हणा ना. तिथल्या मुलांच्या पोटात प्रीव्होटेला भरपूर होता, फ्लॉरेन्सच्या मुलांमध्ये जवळजवळ नव्हता. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीय नमुने तपासले, तेव्हा २०१६ मध्ये हेच दिसलं: आपल्याकडच्या पोटांत प्रीव्होटेलाची रेलचेल. २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळातल्या ११० जणांच्या अभ्यासातही शाकाहारी, धान्य-डाळीच्या जेवणाशी त्याचं नातं निघालं. हा ज्वारीचा, चोथ्याचा सोबती आहे. मग पाच वर्षं दूधभात आणि बिस्किटांवर वाढलेल्या पोराच्या पोटात तो कमी असणार नाही तर काय? तीन क्विंटल सोयाबीन विकून आणलेल्या त्या रिपोर्टने एवढंच सांगितलं होतं की हे लेकरू भाकरी खात नाही. ते त्याच्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

जाता जाता सांगते, आपल्या सेनगाव-हिंगोलीकडे सोयाबीन आलं आणि ज्वारीचं रान आक्रसलं, घराघरात रेशनचा तांदूळ-गहू जास्त शिजू लागला. त्याने थोरामोठ्यांच्या पोटातली वस्तीही बदलली असेल. त्याचा शोध कोणीतरी आमच्या तालुक्यात येऊन घ्यायला हवा असं मला फार वाटतं.

भारतीय स्वमग्न मुलांवरचा एक अभ्यास केरळातल्या कासारगोडच्या केंद्रीय विद्यापीठातून २०१८ मध्ये आला. ३० स्वमग्न मुलं, २४ निरोगी. प्रीव्होटेलाचं कुळ निरोगी मुलांत जास्त, हे अमेरिकेशी जुळलं. पण स्वमग्न मुलांत जास्त काय सापडलं? लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम यांची कुळं. म्हणजे ज्यांची पावडर 'चांगले जिवाणू' म्हणून डब्यात भरून विकली जाते, ते या मुलांच्या पोटात आधीच जास्त होते. माझ्या विद्यार्थिनीने तिच्या पावडरीच्या डब्यावरचं नाव मला वाचून दाखवलं. लॅक्टोबॅसिलसच होतं. मी त्या डब्याला विष म्हणत नाही. दह्यातही त्याच जातीतले जिवाणू असतात आणि बहुतेक मुलांना ते बाधत नाहीत. पण एका देशात कमी, दुसऱ्या देशात जास्त, तिसऱ्यात फरकच नाही, अशा गोष्टीवर बेतलेला उपचार 'तुमच्या मुलासाठी खास' म्हणून कसा विकायचा?

आमच्या शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. मी शाळेतल्या मुलांना तिच्याबद्दल सांगायची तेव्हा एक गोष्ट हमखास सांगायची. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली गेली, ती एका यंत्राने नव्हे. अमेरिकेत एकमेकांपासून ३,००० किलोमीटरवर असलेल्या दोन यंत्रांनी ७ मिलिसेकंदांच्या अंतराने तीच लहर, त्याच आकाराची टिपली. एकाच यंत्राने टिपली असती तर शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला नसता; शेजारून गेलेला ट्रकही यंत्र हलवू शकतो. जिवाणूंच्या संशोधनाला हीच कसोटी लावली तर काय होतं? हाँगकाँगमध्ये २०२४ साली १,६२७ मुलांचा मोठा अभ्यास झाला. जिवाणूंबरोबर बुरशी आणि विषाणूही मोजले आणि त्या खुणांवरून ऑटिझम बऱ्यापैकी ओळखता येतो असं निघालं. हे काम आजवरच्या मोठ्या कामांपैकी. पण खुणेवरून ओळखणं वेगळं आणि कारण सापडणं वेगळं. धुरावरून चूल ओळखू येते म्हणून धूर चूल पेटवत नाही. मग २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात केविन मिचेल, डॅरन डाली आणि डोरोथी बिशप यांनी आजवरचे हे सगळे पुरावे एकत्र मांडून तपासले. मुलं मोजकी, आकडेमोड ढिली, उंदरांवरून माणसांवर उडी, आणि एका अभ्यासाचं दुसऱ्याशी पटत नाही. आतड्यातले जिवाणू ऑटिझम घडवतात याला आधार नाही, असा त्यांचा रोखठोक निष्कर्ष. इतरांना तो फार कडक वाटेल. मला वाटतं, दुसऱ्या यंत्राने तीच लहर टिपेपर्यंत थांबणं एवढंच त्यांनी सांगितलं आहे.

पण एवढं सगळं वाचून कोणी 'मग पोटाचं काही नाही' असं म्हणायला लागलं तर तो दुसरा अन्याय होईल.

त्या संध्याकाळी आम्ही बोलत असताना पोरगा दिवाणाच्या लाकडी कडेवर पालथा पडला. कड बरोबर बेंबीखाली येईल असा. पाय जमिनीवरून उचलले, सगळा भार पोटावर घेतला आणि तसाच राहिला. "ही त्याची खोडच आहे," आई म्हणाली. "घरी बाजेच्या माचव्यावर असाच पडतो. रात्री उठून बसतो, स्वतःच्या हाताला चावतो." शौचाला किती दिवसांनी बसतो, असं विचारलं. चार दिवसांनी, कधी पाच. बसत नाही, दाराआड चवड्यांवर उभा राहतो, पाय आवळून.

ज्याला बोलता येत नाही तो पोट दुखतं हे कसं सांगणार? कडेवर पोट दाबून, झोपेतून उठून, हात चावून. डॉक्टर मंडळी हल्ली शिकवतात की स्वमग्न मुलाचं वागणं एकाएकी बिघडलं तर आधी दात, कान आणि पोट पाहा. पण आपल्याकडे, आणि फक्त आपल्याकडेच नव्हे, 'ऑटिझममुळे तसं करतो' असं म्हणून पोटावर हातही न ठेवता मुलं परत पाठवली जातात. या पोराच्या पोटावर पुढच्या आठवड्यात एका बालरोगतज्ज्ञाने हात ठेवला. डाव्या बाजूला घट्ट गोळे हाताला लागले. शौच मऊ करणारं साधं औषध काही महिने दिलं, रोज एका वेळेला पायाखाली पाट देऊन संडासात बसवायची सवय लावली. पंधरा-वीस दिवसांनी तो रात्रभर झोपू लागला. हात चावणं कमी झालं. आणि झोप झालेलं, न दुखणारं मूल जसं असतं तसा तो झाला: थोडा जास्त वेळ एका जागी बसणारा, हाकेला कधीमधी मान वळवणारा.

हे जर ती पावडर चालू असताना झालं असतं तर श्रेय पावडरीला गेलं असतं आणि पुढच्या दहा घरांत तिची कीर्ती पोचली असती. त्याचा ऑटिझम गेलेला नाही. दुखणं गेलं आहे. दुखणं जाणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा पोटाकडे पाहिलंच पाहिजे.

पथ्याबद्दलही तिने विचारलं. गहू आणि दूध बंद करा, असा सल्ला तिला तीन ठिकाणांहून मिळाला होता. या पथ्याच्या ज्या थोड्या चाचण्या नीट झाल्या, त्यांत ऑटिझमवर फरक दिसला नाही. गहू सोडणं आपल्याकडे अवघड नाही, ज्वारी आहेच. पण जे मूल दूधभातावरच जगतं त्याचं दूध काढून घेतलं तर त्याच्या ताटात उरतं काय? हाडं ठिसूळ होतील, वजन घटेल. खरी दुधाची बाधा असेल तर गोष्ट वेगळी, ती डॉक्टर ठरवतील.

मग तिने जो प्रश्न इतके दिवस मनात ठेवला होता तो विचारला. तिचं बाळंतपण सिझेरियनने झालं होतं. पहिल्या महिन्यात दूध कमी आलं म्हणून पावडरीचं दूध दिलं होतं. बाळाला दोनदा न्यूमोनियाची अँटिबायोटिक्स द्यावी लागली होती. "मोबाईलवर बघितलं, यानंच चांगले जंतू मरतात. म्हणजे बाई, माझ्यामुळंच झालं का?"

मला त्या क्षणी फार राग आला, तिचा नव्हे. १९५०-६० च्या दशकांत तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी सांगितलं होतं की आईची माया थंड पडली म्हणून मूल स्वमग्न होतं. ब्रुनो बेटेलहाइम यांनी तर १९६७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. एका अख्ख्या पिढीच्या आयांनी तो कलंक वाहिला. आता तोच कलंक जिवाणूंच्या नावाने परत येतो आहे. तिला मी स्वीडनचा २०१५ चा अभ्यास सांगितला. सुमारे २७ लाख मुलांच्या नोंदी होत्या. वरवर पाहता सिझेरियनच्या मुलांत ऑटिझम किंचित जास्त दिसत होता. पण एकाच आईच्या दोन लेकरांची तुलना केली, एक सिझेरियनचं आणि एक साधं, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. पाच देशांतल्या २० लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये असं निघालं की ऑटिझमच्या कमी-जास्तपणात सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे. शेकडो जनुकं, प्रत्येकाचा कणभर हात, आणि त्यातलं काहीही आईने निवडलेलं नाही. न्यूमोनियाची औषधं दिली म्हणून ते बाळ जगलं. तिला हे दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ती रडली.

उरलेले पैसे कुठे लावायचे हे आम्ही मग एका कागदावर लिहून काढलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्वतंत्रपणे नोंदलेली आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. उशिरा बोलणारी मुलं त्यांनीच हेरून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची असतात. कागदावरून हातात पडेपर्यंत खेटे किती घालावे लागतात हे मला माहीत आहे. तरीही बोलण्याची थेरपी, चित्रांच्या कार्डांवरून मागणं शिकवणं, रोजचा दिवस ठरावीक क्रमाने घालवणं, यांनी मुलांना जे मिळतं ते पुराव्यानिशी मिळतं. एसटीचं भाडं त्यासाठी खर्च करावं असं मी म्हणाले.

आणि ताटासाठी तिला एक गोष्ट सुचवली. बिस्किट त्याला का चालतं? कोरडं असतं, कुरकुरीत असतं, प्रत्येक वेळी सारखंच असतं. ज्वारीची भाकरी टम्म फुगते तेव्हा तिचा वरचा पापुद्रा तव्यावर आणखी थोडा वेळ ठेवला तर तोही कोरडा, कुरकुरीत होतो. तो वेगळा काढून बिस्किटाच्या आकाराचा कापायचा. द्यायचा नाही. नुसता बिस्किटाशेजारी ताटात ठेवायचा. रोज, त्याच जागी, न बोलता.

पहिले तीन आठवडे त्याने तो उचलून ताटाबाहेर ठेवला. मग बाहेर ठेवणं बंद झालं. मग एक दिवस त्याने तो कानाशी नेऊन मोडला आणि आवाज ऐकला. नंतर कितीतरी दिवस तो पापुद्रे नुसते मोडत होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मागे तव्याचा आवाज येत होता.

"बाई, कोपरा खाल्ला त्यानं. नखाएवढा. थुंकला नाही. आता दुसरा टाकू का, का उद्या?"

"उद्या," मी म्हणाले.